आतड्यातल्या जिवाणूंची घरगुती चाचणी: अहवाल शेवटच्या पानापासून वाचावा

शौचाचा नमुना घरीच घ्यायचा, नळीत भरून पाठवायचा आणि काही आठवड्यांनी आपल्या आतड्यात कोणकोणते जिवाणू नांदतात याची यादी बघायची, अशी किट आता सर्रास विकली जातात. डब्यावरची नावं वेगळी असली तरी आतली नळी, प्रयोगशाळेतली पद्धत आणि अहवालाचा साचा यांत फारसा फरक नसतो. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या सगळ्या प्रकाराचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. जिवाणूंची नावं ओळखण्याचं काम ही किट बऱ्यापैकी करतात. त्या नावांवरून आरोग्याला गुण देण्याचं काम मात्र फार कच्चं आहे. आणि अहवालात नेमका हाच क्रम उलटा केलेला असतो. पहिल्या पानावर रंगीत चक्र, '१०० पैकी ६४', 'तुमच्या आतड्याचं वय ४७' असला मजकूर; आणि पार शेवटी, बारीक टायपात, जिवाणूचं नाव, टक्केवारी आणि रीड्सची (म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांची) संख्या असलेला तक्ता. निरोगी मायक्रोबायोम, म्हणजे आतड्यातली जिवाणूंची निरोगी वस्ती, कशाला म्हणायचं याची सर्वमान्य व्याख्या अजून कुणाकडेच नाही. मग ते ६४ नेमके कशावर मोजले? बहुतेक ठिकाणी उत्तर एवढंच असतं, की आमच्या इतर ग्राहकांच्या तुलनेत. पैसे मोजायचेच असतील तर ते शेवटच्या तक्त्यासाठी.

नळीपाशीच निम्मा निकाल लागतो

संशोधनातही खूप वापरली जाणारी एक नळी म्हणजे 'ओम्निजीन गट' (OMNIgene GUT). तिचं उदाहरण घेऊ. जांभळं झाकण फिरवून काढायचं. त्याखालच्या पिवळ्या तोंडाला हात लावायचा नाही. पहिली चूक इथेच होते. घाईत पिवळा भागही फिरवला जातो, आतला द्रव सांडतो आणि नळी बाद होते. सोबतच्या चपट्या काडीने थोडी थोडी विष्ठा पिवळ्या तोंडाच्या खळग्यात भरायची, खळगा भरला की काडी आडवी धरून वरचं जास्तीचं निपटून टाकायचं. त्यात साधारण ५०० मिलिग्रॅम मावतं, म्हणजे वाटाण्याएवढं. मग जांभळं झाकण घट्ट लावून नळी किमान ३० सेकंद जोरजोरात हलवायची. आत एक छोटी गोळी असते. ती विष्ठा द्रवात घोळवते. शौच घट्ट असेल तर ३० सेकंद पुरत नाहीत, गुठळी फुटेपर्यंत हलवत राहावं लागतं, कारण गुठळीच्या आत द्रव पोचला नाही तर तिथले जिवाणू जिवंतच राहतात. नीट भरलेली नळी सामान्य तापमानात ६० दिवस टिकते, असं निर्माते सांगतात.

इतका खटाटोप त्या द्रवासाठी. तो जिवाणूंची वाढ थांबवतो आणि त्यांचा डीएनए जपतो. शरीराबाहेर पडलं म्हणून जिवाणू वाढायचे थांबत नाहीत. आतड्यातले बहुसंख्य जिवाणू ऑक्सिजन न सोसणारे. ते हवेत मरतात. ई. कोलायच्या कुळातले, म्हणजे एंटेरोबॅक्टेरिएसी, मात्र ऑक्सिजन सोसतात आणि उबेत भराभर वाढतात. द्रवाविना दोन दिवस प्रवासात राहिलेला नमुना पोचतो तेव्हा त्यात ई. कोलाय फुगलेला असतो आणि अहवालात 'प्रोटिओबॅक्टेरिया (ई. कोलाय ज्यात येतो तो मोठा गट) जास्त, दाहाची शक्यता' असा लाल शेरा येतो. म्हणून कोरडी कापूसकाडी देणारं किट आम्ही घेणार नाही, कितीही स्वस्त असलं तरी. काडीला लागतं फारच थोडं आणि वाटेत वाळतं ते वेगळंच.

'थोडं जास्त भरलेलं बरं' हाही गैरसमज. जास्त विष्ठा घातली की द्रव पुरत नाही, शिवाय विष्ठेतले पित्तक्षार आणि गुंतागुंतीच्या शर्करा पुढे पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पायरीच्या, आड येतात. नमुन्यात लघवी किंवा भांड्यातलं पाणी मिसळता कामा नये. भांड्यात क्लीनर ओतलेला असेल तर त्यातलं ब्लीच डीएनएचे तुकडे करतं, तेव्हा किटसोबतचा कागदी झेला वापरावाच. आणि नळीवरचा बारकोड संकेतस्थळावर नोंदवल्याशिवाय ती पाठवू नये. प्रयोगशाळेत पोचलेली बेवारस नळी कुणाची हे नंतर शोधता येत नाही.

वेळही पाहावी लागते. अँटिबायोटिक घेतल्यावर किमान ४ आठवडे, जमल्यास ३ महिने जाऊ द्यावेत. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करण्याचं औषध घेतलं असेल तर साधारण महिनाभर. आम्लपित्तासाठीच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी तोंडातले जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस, आतड्यात जास्त दिसू लागतात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने अॅकरमॅन्सिया नावाचा जिवाणू वाढतो. चाचणीसाठी म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवायचं नाही. ते चालू आहे, एवढी नोंद ठेवायची. किटसोबतच्या प्रश्नावलीत औषधांचा रकानाच नसेल तर अहवालातला पुढचा सगळा अर्थ अंदाजाचा समजावा.

एक नोंद तर जवळपास कुणीच करत नाही: ब्रिस्टल मापनावर त्या दिवशीचं शौच कितव्या प्रकारचं होतं. हे माप १ ते ७ असतं. १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. २०१६ मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या मोठ्या पाहणीत जिवाणूंच्या रचनेशी सगळ्यांत ठळक संबंध शौचाच्या घट्टपणाचाच निघाला. वय, वजन, आहार सगळे त्याच्या मागे. त्याच पाहणीत नोंदवलेले सगळे घटक एकत्र धरूनही माणसामाणसांतल्या फरकाचा दहावा हिस्सासुद्धा उलगडला नाही. तेव्हा बद्धकोष्ठाच्या दिवशी घेतलेला नमुना आणि पोट बिघडलेल्या दिवशी घेतलेला नमुना शेजारी ठेवून 'सुधारणा' मोजण्यात अर्थ नाही.

१६एस, शॉटगन की क्यूपीसीआर

विकत घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न: या तिघांपैकी कुठली पद्धत वापरता? प्रत्येक जिवाणूत १६एस आरआरएनए नावाचं जनुक असतं, लांबी साधारण १,५०० अक्षरं. त्याचे काही भाग सगळ्यांत जवळपास सारखे असतात, आणि मधले नऊ भाग, व्ही१ ते व्ही९, गटागटानुसार बदलतात. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी याच रेणूची तुलना करून आर्किया हा जिवाणूंहून वेगळा गट असल्याचं दाखवलं होतं. स्वस्त किट या जनुकाचा एखादाच तुकडा वाचतात, बहुधा व्ही४ किंवा व्ही३ आणि व्ही४ मिळून. व्ही४ म्हणजे अडीचशेच्या आसपास अक्षरं. एवढ्यावरून प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, बहुतेकदा कळते. जाती, म्हणजे दुसरा शब्द, कळेलच असं नाही. आणि जातीखालचा स्ट्रेन, म्हणजे एकाच जातीतला वाण, तर मुळीच नाही.

याची परीक्षा ग्राहकाला सहज करता येते. तक्त्यात 'एशेरिशिया-शिगेला' (ई. कोलायची प्रजाती आणि आमांश घडवणारा जिवाणू) अशी जोडओळ असेल तर प्रयोगशाळा प्रामाणिक आहे, कारण या दोघांचं १६एस जवळजवळ एकच असतं आणि छोट्या तुकड्यावरून ते वेगळे काढता येत नाहीत. उलट १६एसच्या अहवालात 'शिगेला आढळला' असं स्वतंत्र वाक्य असेल तर घाबरून जायचं कारण नाही. तो बहुधा साधा ई. कोलाय आहे. बायफिडोबॅक्टेरियमचंही तसंच. व्ही४ मध्ये त्याच्या अनेक जाती इतक्या सारख्या दिसतात की 'बायफिडोबॅक्टेरियम लाँगम ०.८ टक्के' हे वाक्य 'बायफिडोबॅक्टेरियम ०.८ टक्के' असंच वाचावं. त्यातून जुन्या धाटणीचा २७एफ प्रायमर (जनुकाचा हवा तो भाग पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरला असेल तर बायफिडोबॅक्टेरियमशी तो नीट जुळत नाही, आणि भरपूर असलेला हा जिवाणू अहवालात गायब दिसतो. मग त्याच कंपनीचं बायफिडो कॅप्सूल सुचवलं जातं, हे ओघानं आलंच.

शॉटगन मेटाजीनोमिक्समध्ये नमुन्यातला सगळाच डीएनए तुकडे करून वाचतात. जाती नीट कळतात, पुरेसं खोल वाचन असेल तर स्ट्रेनपर्यंत जाता येतं, आणि कुठली जनुकं आहेत तेही दिसतं. खर्च १६एसच्या काही पट. इथे विचारायचं ते रीड्सबद्दल: पाच लाख ते वीस लाख रीड्स म्हणजे उथळ शॉटगन, एक कोटीच्या पुढे गेलं तर खोल. प्रमुख जाती आणि त्यांचं प्रमाण बघायला उथळ पुरतं. दुर्मीळ जातीची किंवा एखाद्या विषजनुकाची चौकशी असेल तर पुरत नाही. खाजगीपणाची बाजूही इथेच येते. शॉटगनमध्ये विष्ठेतला माणसाचा डीएनएही वाचला जातो. प्रमाण थोडंच असतं, पण व्यक्तीची जनुकीय माहिती काढायला तेवढंही पुरू शकतं. मानवी रीड्स गाळून पुसून टाकतात की जपून ठेवतात, हे अटींमध्ये शोधावं.

क्यूपीसीआरमध्ये ठरलेल्या वीस-तीस जिवाणूंचीच मोजदाद होते. यादीबाहेरचं काहीच दिसत नाही. पण एक गोष्ट इथे मिळते जी बाकी दोन्हींत सहसा मिळत नाही: ग्रॅममागे किती, हा खरा आकडा. जुलाबासाठी रुग्णालयात करतात त्या रोगजंतूंच्या पॅनेलशी याची गल्लत करू नये. ती निदानाची चाचणी आहे, हिचा हेतू वेगळा.

पद्धत कुठलीही असो, पेशी फोडण्याची पायरी सगळ्यांना सारखीच. ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरॉइड्सची भिंत पातळ, ती सहज फुटते. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची, म्हणजे बायफिडोबॅक्टेरियम आणि फर्मिक्युट्स या मोठ्या संघातल्या बहुतेकांची, जाड. नमुना बारीक कठीण मण्यांसोबत यंत्रात जोरात घुसळावा लागतो. याला बीड-बीटिंग म्हणतात. ही पायरी उरकून टाकली की बॅक्टेरॉइड्स फुगतो आणि बाकीचे आक्रसतात. नमुना तोच, आकडे दुसरे. प्रयोगशाळा बीड-बीटिंग करते का, प्रत्येक फेरीत रिकामी नळी आणि रचना आधीच माहीत असलेलं जिवाणूंचं मिश्रण सोबत चालवते का, हे ईमेलने विचारावं. रिकाम्या नळीचं महत्त्व असं, की डीएनए काढायच्या रसायनांतही थोडा परका डीएनए असतो. राल्स्टोनिया किंवा ब्रॅडीरायझोबियम अशी माती-पाण्यातली नावं अहवालात दिसली तर ती बहुधा तिथून आलेली असतात. ज्यांच्याकडे उत्तर आहे ते दोन ओळींत देतात. 'आमचं तंत्रज्ञान अत्याधुनिक आहे' असं उत्तर आलं तर पुढे जावं.

तक्त्यातली नावं

आता खरा माल. इथे जरा थांबून वाचावं, कारण एकाच जिवाणूची दोन अहवालांत दोन नावं असू शकतात. लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती २०२० मध्ये फोडून २५ प्रजातींत वाटली गेली. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस आता लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅमनोसस झाला. फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडिटीज या मोठ्या संघांची नावं २०२१ मध्ये बॅसिलोटा आणि बॅक्टेरॉइडोटा झाली. प्रीव्होटेला कोप्रीला सेगाटेला कोप्री म्हणतात, युबॅक्टेरियम रेक्टेलला काही ठिकाणी अॅगॅथोबॅक्टर रेक्टॅलिस. मागच्या वर्षी असलेला जिवाणू यंदा 'नाहीसा' झाला असेल तर आधी नाव बदललंय का ते पाहावं. चांगल्या अहवालात नावं ताडायला कुठला संदर्भसंच आणि त्याची कितवी आवृत्ती वापरली ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ सिल्वा किंवा जीटीडीबी.

पहिल्यांदा शोधायची ओळ फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झीची. निरोगी प्रौढांत याचं प्रमाण बऱ्याचदा ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. हा ब्युटिरेट बनवतो, आणि ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचं मुख्य इंधन. क्रोनच्या आजारात, म्हणजे आतड्याच्या एका दीर्घकालीन दाहात, हा कमी आढळतो, ते अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण उलटं वाचायचं नाही: हा कमी आहे म्हणून क्रोन, असं होत नाही. जुलाबाच्या दिवशीही तो घसरतो. रोझबुरिया आणि युबॅक्टेरियम रेक्टेल हेही ब्युटिरेटवालेच, तेव्हा एकटा फीकॅलिबॅक्टेरियम पाहण्यापेक्षा या तिघांची बेरीज पाहणं जास्त शहाणपणाचं. रुमिनोकॉकस ब्रोमाय सहसा थोडा असतो, पण पचायला जड असलेला स्टार्च फोडण्याची सुरुवात तोच करतो आणि मग बाकीच्यांना खायला मिळतं.

अॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा सध्याचा लाडका. २००४ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्मा हे त्याचं अन्न. २०१९ मध्ये जादा वजनाच्या लोकांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत, जी ३२ जणांनी पूर्ण केली, पाश्चराइझ केलेल्या अॅकरमॅन्सियाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. एवढ्यावरून अहवालांत तो 'जितका जास्त तितका बरा' अशा हिरव्या पट्टीत गेला. तेही बरोबर नाही: पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांच्या अनेक अभ्यासांत तो जास्त सापडला आहे, आणि आहारात तंतू न दिलेल्या उंदरांत श्लेष्मा खाणारे जिवाणू अस्तर पातळ करताना दिसले आहेत. ०.१ ते ४ टक्क्यांत कुठेही असला तरी त्यावरून एकट्याने काही ठरवू नये.

स्ट्रेनशिवाय नाव किती पोकळ असतं हे ई. कोलायइतकं कुणीच दाखवत नाही. निस्ल १९१७ हा ई. कोलायच, तो प्रोबायोटिक म्हणून दिला जातो. ओ१५७:एच७ हाही ई. कोलायच, त्याने रक्ती जुलाब होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. १६एसच्या तक्त्यात दोघांची ओळ एकच. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसचं तसंच: काही स्ट्रेनकडे विष बनवणारं बीएफटी जनुक असतं, बहुतेकांकडे नसतं. ते जनुक शोधलंच नसेल तर त्या ओळीपुढचा लाल किंवा हिरवा ठिपका निव्वळ सजावट.

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हे नाव दिसलं की लोक धास्तावतात. काही धडधाकट माणसांत तो गुपचूप असतो. आजार ठरतो तो जुलाब असताना, विष्ठेतल्या विषाच्या तपासणीवरून. पन्नास हजार रीड्सपैकी त्याच्या तीन रीड्स म्हणजे ०.००६ टक्के, हा आकडा काहीच सिद्ध करत नाही, उद्या त्याच नळीतून शून्यही येईल. हेलिकोबॅक्टर पायलोरी उलट बाजूने फसवतो. तो राहतो जठरात, आणि या किटमध्ये बहुधा दिसतच नाही. 'आढळला नाही' म्हणून जठरव्रणाची शंका सोडून देऊ नये. त्यासाठी विष्ठेतली अँटिजन चाचणी किंवा युरिया श्वासचाचणी आहे. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत सापडतो हे खरं, पण मुळात तो तोंडातला रहिवासी. कर्करोगाच्या तपासणीसाठी विष्ठेतल्या रक्ताची चाचणी आणि कोलोनोस्कोपीच.

मिथेनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथीबद्दल एक टीप. हा जिवाणू नाही, आर्किया. मिथेन बनवतो, आणि मिथेन जास्त असणाऱ्यांत आतड्याची चाल मंद आढळते. फक्त जिवाणूंसाठी आखलेले प्रायमर याला टिपत नाहीत. बद्धकोष्ठासाठीच चाचणी करायची असेल तर प्रायमर आर्किया पकडतात का हे विचारून घ्यावं, नाहीतर श्वासातलं मिथेन मोजणं सरळ पडतं.

टक्क्यांचा चकवा

तक्त्यातले आकडे टक्क्यांत असतात आणि बेरीज नेहमी १०० असते. सगळा घोळ इथे आहे. समजा विष्ठेत एकूण १०० भाग जिवाणू आहेत: बॅक्टेरॉइड्स ३०, फीकॅलिबॅक्टेरियम १०, बाकी ६०. दोन महिन्यांनी बॅक्टेरॉइड्स घटून १० झाला, बाकी सगळं जसंच्या तसं. एकूण आता ८०. फीकॅलिबॅक्टेरियम अजूनही १० च, पण ८० पैकी १० म्हणजे १२.५ टक्के. अहवाल म्हणणार, 'अभिनंदन, तुमचा फीकॅलिबॅक्टेरियम २५ टक्क्यांनी वाढला.' तो जागचा हललाही नाही. १६एसमध्ये आणखी एक मेख: या जनुकाच्या प्रती काहींच्या जनुकसंचात एक-दोनच असतात, काहींत दहाच्या पुढे. ई. कोलायमध्ये ७ असतात. ज्याच्या प्रती जास्त तो तक्त्यात आहे त्यापेक्षा थोराड दिसतो.

विविधतेचा शॅनन निर्देशांक (जाती किती आणि किती समान वाटलेल्या, याचा एकच आकडा) तर दोन कंपन्यांत ताडून पाहूच नये. एकीने नैसर्गिक लघुगणक वापरला आणि ३.५ छापला, दुसरीने २ आधाराचा लघुगणक वापरला तर त्याच नमुन्याला ५.०५ मिळतात. नमुना सुधारला असं वाटतं, सुधारलेलं असतं फक्त सूत्र. शिवाय दहा हजार रीड्सच्या नमुन्यात ऐंशी हजारांपेक्षा कमीच जाती दिसणार. तुलना करण्याआधी दोन्ही नमुने सारख्याच रीड्सवर आणायला हवेत.

अहवालातलं काय खोडावं

फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडिटीज यांचं गुणोत्तर पहिल्यांदा खोडावं. २००६ च्या सुमारास स्थूलपणाशी त्याचा संबंध जोडला गेला आणि तेव्हापासून ते प्रत्येक अहवालात ठाण मांडून आहे. पुढच्या अनेक अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. आणि हे गुणोत्तर बीड-बीटिंग नीट केलं की नाही यावरच केवढं हलतं, ते वर आलंच. मायक्रोबायोम चाचण्यांबद्दल २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतिपत्रानेही ते अहवालात देऊ नये असं म्हटलं आहे.

'ब्युटिरेट निर्मिती: कमी' ही ओळ दुसरी. १६एसच्या चाचणीत ब्युटिरेट मोजलेलं नसतं, जनुकंही वाचलेली नसतात. नावांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. शॉटगनमध्ये जनुकं दिसतात, पण ती चालू आहेत की बंद हे डीएनए सांगत नाही, आणि तो डीएनए मेलेल्या पेशीचाही असू शकतो. विष्ठेतलं ब्युटिरेट प्रत्यक्ष मोजणारी महागडी आवृत्तीही मिळते. पण बनलेल्या ब्युटिरेटसारख्या लघु-शृंखला मेदाम्लांपैकी ९० ते ९५ टक्के आतड्यातच शोषली जातात. विष्ठेत येतं ते उरलंसुरलं.

आणि 'तुमच्यासाठी खास' निवडलेली पूरकं. चाचणी आणि कॅप्सूल एकाच दुकानातून येत असतील तर चाचणीचा निकाल कॅप्सूलकडेच झुकणार. शिफारशीचं पान फाडून टाकलं तरी तक्ता तसाच राहतो.

विकत घ्यायचंच असेल तर

एकट्या नमुन्यातून फार काही हाती लागत नाही. ज्याला आहारात ठोस बदल करून बघायचा आहे, त्याने बदलाआधी वेगवेगळ्या दिवशी तीन आणि बदलानंतर तीन नमुने द्यावेत, सगळे एकाच कंपनीकडे, एकाच प्रकारच्या नळीत. तीन अशासाठी, की एकाच माणसाचे रोजचे आकडेही वर-खाली होतात. आधीच्या तीन नमुन्यांमधला फरक नंतरच्या बदलापेक्षा मोठा निघाला तर बदल झालाच नाही असं धरावं. खर्च सहापट होतो, हे खरंय. शौचातून रक्त, कारणाशिवाय घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल तर हे किट घेऊच नये, थेट डॉक्टरांकडे जावं.

प्रयोगशाळा कितपत भरवशाची आहे, हे ताडायची घरगुती युक्ती म्हणजे दोन नळ्या. एकाच वेळचं शौच झेल्यातच काडीने नीट कालवावं, कारण गोळ्याच्या कडेला आणि मध्यभागी रचना थोडी वेगळी असते. मग दोन नळ्या भरून दोन वेगळ्या नावांनी नोंदवाव्यात. परत आलेल्या तक्त्यांत १ टक्क्याच्या वरच्या जिवाणूंचा क्रम जवळपास तोच हवा, ०.१ टक्क्याखालच्या ओळी इकडेतिकडे झाल्या तर चालतं. वरचे पाच-सहाच जर वेगळे निघाले, किंवा एका नळीला ७१ आणि दुसरीला ५२ गुण मिळाले, तर तिसरी नळी पाठवण्यात हशील नाही. प्रयोगशाळांसाठी याचंच पक्कं रूप अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये उपलब्ध केलं: आरएम ८०४८ नावाचं, कसून तपासलेलं मानवी विष्ठेचं संदर्भद्रव्य. आपली प्रयोगशाळा ते चालवते का, हा प्रश्न वरच्या ईमेलमध्ये जोडून टाकावा.

वाचलेल्या डीएनए-अक्षरांची कच्ची फाइल मिळत नसेल तर आम्ही त्या किटवर पैसे घालणार नाही. नावं बदलतात, संदर्भसंच सुधारतात, आणि दोन वर्षांनी तीच अक्षरं नव्या संचावर पुन्हा चालवता येतात. छापील पीडीएफचं तसं काही करता येत नाही. फाइल फास्टक्यू स्वरूपात मागावी. दोन्ही टोकांकडून वाचन केलेलं असेल तर फाइली दोन असतात, आर१ आणि आर२. बऱ्याचदा एकच पाठवली जाते. दुसरी लगेच मागून घ्यावी, कारण नमुन्याचा साठा आणि डेटा दोन्ही किती काळ ठेवायचे हे कंपनी ठरवते, आणि ती मुदत अटींच्या पानावर लिहिलेली असते.